इंजिनाला वेसण घालणारी माती

मातीच्या ट्रॅकवर मोटारींची शर्यत असते त्या दिवशी दुपारी ट्रॅक सांभाळणारा जाणता माणूस वळणावर जातो, टाचेने जमीन उकरतो, ढेकूळ उचलून मुठीत दाबतो आणि तळहातांत त्याची वळी करून बघतो. वळी लगेच भुगा झाली, तर पाण्याचा टँकर पुन्हा फिरवायचा. सुतळीएवढी बारीक होऊनही तुटली नाही, तर अजून थोडं ऊन खाऊ द्यायचं. मृदाशास्त्राच्या प्रयोगशाळेतही हेच करतात. साधारण ३ मिलिमीटर जाडीची होताच वळी तुटू लागली, की त्या क्षणी मातीत जेवढं पाणी असतं त्याला मातीची ‘प्लॅस्टिक लिमिट’ म्हणतात. या मोजमापांचा पाया स्वीडनच्या अल्बर्ट अटरबर्ग यांनी १९११ मध्ये घातला.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात वाढलेल्या एका शर्यत-मालिकेची गोष्ट मला या ढेकळापासूनच सांगावीशी वाटते. तिथल्या गावोगावच्या कृषी जत्रांमध्ये घोड्यांच्या शर्यतींसाठी मातीचे लंबगोल ट्रॅक असत. पुढे त्यांवर मोटारी धावू लागल्या. या जत्रांमधल्या शर्यतींसाठी १९१५ मध्ये इंटरनॅशनल मोटर कॉन्टेस्ट असोसिएशन, म्हणजे आयएमसीए, स्थापन झाली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिचा बहर ओसरला होता. तेव्हा शर्यती भरवणारे कीथ नॅक यांनी तिला हाताशी धरलं आणि १९७९ मध्ये व्हिंटन गावच्या ट्रॅकवर ‘मॉडिफाइड’ हा नवा वर्ग सुरू झाला. गाडी जुन्या साध्या मोटारीच्या सांगाड्यावर बांधायची, पुढची चाकं उघडी ठेवायची, आणि शनिवार-रविवारी शेतकऱ्याला, गॅरेजवाल्याला परवडेल एवढाच खर्च करायचा, असा त्यामागचा विचार.

खर्च आवरायला त्यांनी जो नियम केला तो मला फार आवडतो. शर्यत संपल्यावर हरलेला स्पर्धक ठरलेली रक्कम मोजून पुढे आलेल्याचं इंजिन मागू शके. सुरुवातीच्या काळात ही रक्कम काही शे डॉलरच होती. नकार दिला, तर कमावलेलं यश हातचं जाई. मग महागडं इंजिन बसवणार कोण? टायरही सगळ्यांना सारखेच आणि टणक रबराचे. अशा नियमांवर हा वर्ग आयोवाबाहेर कितीतरी राज्यांत पसरला. १९८३ पासून त्याची ‘सुपर नॅशनल्स’ ही मोठी स्पर्धा भरते. आता दर सप्टेंबरात बून गावच्या जेमतेम ५३६ मीटर फेरीच्या ट्रॅकवर शेकडो गाड्या जमतात.

पण कागदावरचा नियम एकटा पुरा पडला नसता. पैशाला खरी वेसण मातीने घातली, असं माझं मत आहे, आणि ते ढोबळ हिशेबाने दाखवता येतं. गाडी ११०० किलोची धरू. त्यातला ६० टक्के भार मागच्या, म्हणजे इंजिन फिरवतं त्या चाकांवर. वाळून गुळगुळीत झालेल्या मातीचा घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.४ धरला, तर ती चाकं जमिनीला जास्तीत जास्त २६०० न्यूटन बळाने रेटू शकतात. ताशी ९० किलोमीटर वेगाला एवढं बळ लावायला ९० अश्वशक्तीसुद्धा लागत नाही! ओलसर, चिकट मातीवर घर्षणांक दुप्पट झाला, तरी आकडा पावणेदोनशेपलीकडे जात नाही. कारखान्यातून सीलबंद मिळणारं साधं रेसिंग इंजिनही सुमारे ३५० अश्वशक्तीचं असतं. उरलेली ताकद चाक जागच्या जागी गरगरवण्यात आणि धूळ उडवण्यात जाते. त्यात वळणावर त्याच घर्षणातला मोठा वाटा गाडी वळवण्यात खर्च होतो. दुप्पट पैसे ओतून दुप्पट ताकद आणली, तरी ती जमिनीत उतरतच नाही. उतरते ती चालकाच्या पावलातली समज.

या मातीत एवढं काय आहे? चिकणमातीचा कण २ मायक्रॉनहून लहान असतो, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा हिस्सा, आणि चपटा. जमिनीत असे कण पत्त्यांसारखे एकावर एक बसतात. त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार असल्याने पाण्याचा पातळ थर त्यांना घट्ट चिकटून राहतो. कणांमधल्या बारीक फटींत अडकलेलं पाणी केशाकर्षणाने त्यांना एकमेकांकडे ओढतं. पाणी जास्त झालं, की भार कणांवर न राहता पाण्यावर येतो आणि चिखल होतो. कमी झालं, की ओढ संपते आणि धूळ उडते. या दोन टोकांमधला पट्टा अरुंद आहे आणि ट्रॅक सांभाळणाऱ्याचं सगळं कसब तो गाठण्यात लागतं. काही ठिकाणी हवेतली ओल धरून ठेवायला कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. आपल्या तालमीत तांबड्या मातीला तेल, ताक, हळद घालून रोज खोदतात, तीही अशीच जिवंत ठेवलेली जमीन.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, गाडी घसरली, आता आपटणार. डावीकडचं वळण, गाडी आडवी, आणि चालकाने पुढची चाकं मात्र उजवीकडे वळवलेली! डांबरावर टायर आपल्या दिशेपासून थोड्याच अंशांनी तिरका झाला, की त्याची पकड कमाल होते आणि पुढे सुटू लागते. सैल मातीवर तसं नसतं. तिरका टायर नांगरासारखा माती बाजूला रेटतो, तिचा छोटा बांध तयार होतो आणि त्या बांधाला टेकून गाडीला आधार मिळतो. शिवाय गाडीचं तोंड आत वळलेलं असल्याने मागच्या चाकांचा रेटाही काही अंशी वळणाच्या केंद्राकडे लागतो. ॲक्सिलरेटर मग दुसऱ्या स्टिअरिंगसारखा वापरता येतो. मला यातली ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

आणि जमीन रात्रभर बदलत राहते. सुरुवातीला ओल असते, तेव्हा आतली कडा सगळ्यात जवळची वाट. फेऱ्यांमागून फेऱ्या होतात तशी आतली माती वाळून चकचकीत होते आणि उडालेला सैल भुसभुशीत थर बाहेरच्या कडेला साचून उशीसारखा उंचवटा होतो. त्याला तिथे ‘कुशन’ म्हणतात. धाडसी चालक लांबचा रस्ता पत्करून उजवं मागचं चाक त्या उशीला टेकवतात, कारण तिथे पकड आहे. जमीन फारच कोरडी पडली, तर टायरचं रबर घासून तिच्यावर बसतं. एक काळी रेघ उमटते, आणि सगळ्या गाड्या मुंग्यांच्या रांगेसारख्या त्याच रेघेवरून धावू लागतात. ती कुठे उमटतेय हे ज्याला दोन फेऱ्या आधी दिसलं, तो साध्या इंजिनावरही पुढे निघतो.

सकाळी ग्रेडर, म्हणजे जमीन सपाट करणारं यंत्र, येतो, बाहेरच्या कडेला साचलेली माती ओढून उतारावर पसरतो, आणि मागून पाण्याचा टँकर फिरू लागतो.