नुबिया : नाईलच्या वरच्या अंगाची राज्यं, ती कशी उभी राहिली आणि कशी गेली

एप्रिल २०२३ ला सुदानमध्ये लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं, खार्तूमचं नॅशनल म्युझियम त्यात सापडलं, आणि मार्च २०२५ ला लष्करानं शहर परत घेतलं तेव्हा म्युझियममधलं बरंचसं लुटलं गेलेलं होतं. आपल्याकडे ही बातमी आली आणि गेली. पिरॅमिड, फेरो, ममी म्हटलं की आपल्या डोक्यात इजिप्तच येतं, त्यामुळे सुदानचं नेमकं काय गेलं हे बहुतेकांना कळलंच नाही. म्हणून जरा मागून सांगतो.

नुबिया म्हणजे आजच्या अस्वानपासून खार्तूमपर्यंतचा नाईलचा पट्टा, थोडा दक्षिण इजिप्तमध्ये आणि बाकी सगळा उत्तर सुदानमध्ये. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते म्हणून इथं वरचं अंग म्हणजे दक्षिण, हे लक्षात ठेवलं की पुढचं सोपं जातं. या पट्ट्यात सहा ठिकाणी नदीत खडकांचे बांध आडवे आलेत, पाणी खळाळतं, होड्या अडकतात, त्यांना कॅटरॅक्ट म्हणतात. उत्तरेकडून येणाऱ्या प्रत्येक सैन्याला हे एकेक करून पार करायला लागायचं. माझ्या मते नुबियाची अर्धी स्टोरी या खडकांमध्येच आहे, कारण तिथलं एक राज्य मोडलं की पुढचं आणखी वर उभं राहायचं, आणि असं एकदा नाही तर पुन्हा पुन्हा झालंय.

पहिलं मोठं राज्य केर्मा, तिसऱ्या कॅटरॅक्टच्या जरा वर, साधारण इ.स.पू. २५०० ते १५००. तिथं मातीच्या विटांची एक प्रचंड इमारत अजून उभी आहे, वेस्टर्न डेफुफा, आजही जवळपास १८ मीटर उंच. राजांच्या कबरी म्हणजे मातीचे गोल ढिगारे, मोठे ९० मीटर व्यासाचे, आजूबाजूला गाईबैलांच्या कवट्या ओळीनं मांडलेल्या, हजारांनी, आणि एका कबरीत राजाबरोबर तीनशेहून जास्त माणसं पुरलेली. भांडी इतकी पातळ आणि सुबक, काळं तोंड आणि लाल बूड, की हे चाकावर न करता हातानं केलंय यावर विश्वास बसत नाही.

आता बघा, १९१३ ते १९१६ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज राइझनर यांनी हे सगळं खणलं आणि निष्कर्ष काय काढला, तर ही इजिप्शियन गव्हर्नरची वसाहत असणार! आफ्रिकेतल्या काळ्या लोकांनी स्वतःच्या बळावर एवढं शहर उभं केलं असेल हे त्या काळच्या विद्वानांच्या गळी उतरतच नव्हतं. राइझनर कामाला अत्यंत काटेकोर माणूस, त्यांच्या नोंदी आजही वापरतात, पण काळाचा चष्मा त्यांच्याही डोळ्यावर होताच. पुढे १९७० च्या दशकापासून स्विस पुरातत्त्वज्ञ शार्ल बोने तिथं दशकानुदशकं खणत राहिले आणि केर्मा ही एका स्वतंत्र राज्याची राजधानी होती हे पक्कं झालं.

इजिप्तवाल्यांना मात्र हे तेव्हाच माहीत होतं. फेरो सेनुस्रेत तिसऱ्यानं दुसऱ्या कॅटरॅक्टपाशी सेम्ना, बुहेन अशी किल्ल्यांची रांगच बांधली आणि सेम्नाला दगडावर कोरून ठेवलं की व्यापार किंवा निरोपाचं काम असल्याशिवाय कुणी नुबियन इथून खाली यायचं नाही. एवढा बंदोबस्त कमजोर शेजाऱ्यासाठी कुणी करत नाही. नंतर उत्तर इजिप्त हिक्सोस या परक्या राजांकडे गेलं तेव्हा त्यांच्या राजानं कुशच्या राजाला, म्हणजे केर्माला, पत्र धाडलं की ये, आपण दोघं मिळून इजिप्त वाटून घेऊ, आणि ते पत्र वाटेतच दक्षिण इजिप्तमधल्या थीब्सचा राजा कामोसच्या माणसांनी पकडलं, हेही त्याच्याच शिलालेखात आहे. यातून सावरल्यावर इजिप्तनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे केर्मा संपवलं. इ.स.पू. १५०० च्या आसपास थुटमोस पहिला आत घुसला, मग साधारण चारशे वर्षं नुबियावर इजिप्तचा गव्हर्नर, त्याचा किताब ‘कुशचा राजपुत्र’, आणि सोनं सगळं खाली. अबू सिंबेल याच काळातलं, रामसेस दुसऱ्यानं नुबियाच्या जमिनीवर बांधलेलं.

मग इजिप्तच आतून खिळखिळं झालं आणि चौथ्या कॅटरॅक्टच्या खालच्या बाजूला, जेबेल बर्कल डोंगराच्या पायथ्याशी, नापाटा इथून नवा राजवंश वर आला. डोंगराच्या बाजूला दगडाचा एक उंच सुळका आहे, त्यात त्यांना मुकुटावरचा नाग दिसायचा, आणि आमुन देव या डोंगरात राहतो अशी श्रद्धा होती. पीये हा इथला राजा. इ.स.पू. ७२८ च्या आसपास त्यानं इजिप्तवर स्वारी केली आणि त्याचा लांबलचक शिलालेख १८६२ मध्ये सापडला. प्राचीन काळातला इतका जिवंत मजकूर क्वचितच मिळतो. हर्मोपोलिसचा राजा निमलोट शरण आला, पीये त्याच्या तबेल्यात गेला, तिथं वेढ्यात उपाशी राहिलेले घोडे बघितले आणि भडकला, म्हणाला तुझ्या बाकी सगळ्या गुन्ह्यांपेक्षा मला हे जास्त लागलं. शेवटी इजिप्तचे चार राजे पाया पडायला आले तर त्यातल्या तिघांना राजवाड्यात घेतलंच नाही, कारण ते मासे खाणारे, अशुद्ध. म्हणजे हे जिंकणारे नुबियन स्वतःला इजिप्तवाल्यांपेक्षा आमुनचे जास्त कडक भक्त समजत होते! नापाटाजवळ एल-कुर्रूला पीयेच्या आणि त्याच्या वारसांच्या पिरॅमिडांजवळ घोड्यांच्या कबरी आहेत, घोडे उभ्यानं पुरलेले.

हाच इजिप्तचा पंचविसावा राजवंश. त्यातला तहार्का (इ.स.पू. ६९० ते ६६४) सगळ्यात मोठा, बायबलमध्येही त्याचं नाव आहे. पण समोर असीरिया, आजच्या इराकमधलं बलाढ्य साम्राज्य. इ.स.पू. ६७१ मध्ये एसारहद्दोननं मेम्फिस घेतलं, ६६३ मध्ये अशुरबनिपालनं थीब्स लुटलं आणि नुबियन राजे कायमचे आपल्या मुलखात परतले. तिथंही इ.स.पू. ५९३ ला इजिप्तचा प्सामतिक दुसरा सैन्य घेऊन आला. केर्माजवळ डुक्की गेलला २००३ मध्ये बोनेंच्या टीमला एका खड्ड्यात तहार्कापासून आस्पेल्टापर्यंत पाच राजांचे सात मोठे पुतळे सापडले, सगळे फोडलेले, ती याच स्वारीतली तोडफोड मानतात.

पुन्हा वर सरकणं. आता मेरोए, पाचव्या आणि सहाव्या कॅटरॅक्टच्या मध्ये. इ.स.पू. २७० च्या सुमारास राजांच्या कबरीही इथं आल्या. इथं थोडाफार पाऊस पडतो, गवताळ रान आहे, नाईलच्या पुरावरच सगळं अवलंबून नाही. पाणी साठवायला मोठमोठे तलाव खोदले, लोखंड इतकं गाळलं की मळीचे डोंगर अजून दिसतात. सिंहाच्या तोंडाचा अपेडेमाक नावाचा स्वतःचा देव, जो इजिप्तमध्ये नाहीच. आणि ज्वारी! आपल्या भाकरीच्या ज्वारीचा सगळ्यात जुना लागवडीचा पुरावा पूर्व सुदानातच मिळालाय, पाचेक हजार वर्षांपूर्वीच्या खापरांवर उमटलेल्या दाण्यांच्या ठशांत, आणि तिथून ती साधारण चार हजार वर्षांपूर्वी भारतात पोचली. जेबेल कैलीला मेरोएच्या एका राजाचं खडकात कोरलेलं चित्र आहे, त्यात सूर्यदेव त्याला ज्वारीची कणसं देतोय.

राण्यांचं महत्त्व इथं फार, त्यांना कंदाके म्हणायचे. रोमनं इजिप्त घेतल्यावर इ.स.पू. २५ मध्ये कुशच्या, म्हणजे आता मेरोएच्या, सैन्यानं अस्वानवर हल्ला करून ऑगस्टसचे पुतळे पळवले, रोमन गव्हर्नर पेट्रोनियसनं उलट नापाटावर चाल केली, शेवटी सामोस बेटावर तह झाला आणि ऑगस्टसनं लादलेली खंडणी माफ केली. रोमशी लढून असा तह मिळवणं सोपं नव्हतं. १९१० मध्ये मेरोएला एका देवळाच्या उंबऱ्याखाली ऑगस्टसचं ब्राँझचं डोकं सापडलं, जाणारा येणारा त्यावर पाय देऊन जाईल असं पुरलेलं. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मेरोएच्या पिरॅमिडांचं नुकसान मात्र १८३४ ला इटालियन फर्लिनीनं केलं, सोन्यासाठी ते फोडले, आणि राणी अमानिशाखेतोचे दागिने शेवटी म्युनिक आणि बर्लिनला गेले. सुदानमध्ये दोनशेहून जास्त पिरॅमिड आहेत, इजिप्तपेक्षा जास्त, हे अजूनही लोकांना सांगावं लागतं.

त्यांची स्वतःची लिपी होती, २३ चिन्हांची, आपल्यासारखाच व्यंजनात ‘अ’ धरलेला. ब्रिटिश अभ्यासक ग्रिफिथ यांनी १९११ पर्यंत तिचे उच्चार लावले, पण भाषेतले थोडेच शब्द आजवर कळलेत. त्यामुळे मेरोएचा इतिहास आपण अजूनही बराचसा शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकतो, आणि मला यातलं सगळ्यात मोठं नुकसान हेच वाटतं.

मेरोए एका लढाईत पडलं नाही. रोमन इजिप्तची खरेदी कमी झाली, लाल समुद्रावरचा व्यापार अक्सुमच्या, म्हणजे आजच्या इथिओपिया-एरिट्रियातल्या राज्याच्या, हातात गेला, कबरींवरचे पिरॅमिड लहान लहान होत गेले, नोबा नावाचे शेजारचे लोक आत शिरले, आणि चौथ्या शतकात अक्सुमचा राजा एझाना इथवर चालून आला. त्याच्या शिलालेखात धान्य आणि कापसाचे साठे नष्ट केल्याचं तो स्वतःच सांगतो.

त्यानंतर तीन राज्यं झाली, नोबादिया, मकुरिया आणि अलोदिया. सहाव्या शतकात तिन्ही ख्रिश्चन झाली. अरब सैन्य इजिप्त घेऊन इथं आलं तेव्हा मकुरियाची राजधानी डोंगोलाच्या तिरंदाजांनी इतके डोळे फोडले की अरबांनी त्यांना ‘बुबुळं टिपणारे’ म्हटलं, आणि ६५२ ला बक्त नावाचा करार झाला, दरवर्षी साधारण ३६० गुलाम उत्तरेला, बदल्यात धान्य, कापड वगैरे. गुलामांचा हा भाग वाचताना त्रास होतो पण तो सोडून सांगता येत नाही. करार मात्र सहाशे वर्षांच्या आसपास टिकला. नंतर इजिप्तच्या मामलुक सुलतानांनी डोंगोलाच्या गादीच्या भांडणात हात घातला, १३१७ ला तिथल्या दरबाराची मशीद झाली, आणि १५०० च्या सुमारास अलोदियाही गेलं.

शेवटचा घाव विसाव्या शतकातला. अस्वानच्या उंच धरणानं १९६० च्या दशकात खालचा नुबिया पाण्याखाली घातला. युनेस्कोनं १९६० ला मोहीम काढली, अबू सिंबेल कापून वर नेलं, पोलंडच्या टीमनं फरसच्या कॅथेड्रलमधून शंभराहून जास्त भित्तिचित्रं वाचवली, आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाची टीमही बी. बी. लाल यांच्याबरोबर अफयेहला खणायला गेली होती. देवळं वाचली, पण साधारण एक लाख नुबियन माणसांना घरं सोडावी लागली, इजिप्तमधली कोम ओम्बोकडे आणि सुदानमधली थेट खश्म अल गिरबाला, नाईलपासून शेकडो किलोमीटर लांब. इजिप्तच्या २०१४ च्या राज्यघटनेत कलम २३६ मध्ये लिहिलंय की नुबियन लोकांना दहा वर्षांत त्यांच्या मूळ भागात परत वसवण्यासाठी सरकार काम करेल. ती दहा वर्षं २०२४ मध्ये संपली, लोक अजून परत गेलेले नाहीत.