बेनितो हुआरेझ

बेनितो हुआरेझ (२१ मार्च १८०६ – १८ जुलै १८७२) : मेक्सिकोचे वकील, न्यायाधीश, ओआहाका राज्याचे गव्हर्नर आणि १८५८ पासून मृत्यूपर्यंत देशाचे राष्ट्राध्यक्ष. धर्मसत्ता व लष्कर यांचे खास हक्क मोडून काढणारी ‘ला रिफोर्मा’ ही चळवळ आणि फ्रेंच आक्रमणाविरुद्धचा लढा, या दोन्हींचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. मेक्सिकोतील मूलनिवासी समाजातून राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचलेले ते पहिले.

ओआहाकाच्या डोंगराळ भागातील ग्वेलाताओ या खेड्यात, झापोतेक या मूलनिवासी जमातीच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तीन वर्षांचे असतानाच आईवडील गेले. आधी आजीआजोबांनी आणि नंतर काकांनी त्यांना सांभाळले. ते मेंढरे राखत आणि झापोतेक बोलत. गावात शाळा नव्हती. स्पॅनिश आल्याशिवाय पुढे वाट नाही, हे काकांनी त्यांच्या मनावर बिंबवले होते. मुलांसाठी लिहून ठेवलेल्या आठवणींत हुआरेझ सांगतात, की धडा आला नाही तर मार खायला चाबूक आपण स्वतःच काकांच्या हाती नेऊन देत असू. पण काका शेतात गुंतलेले, मुलगा रानात, त्यामुळे शिकणे पुढे सरकेना. अखेर १७ डिसेंबर १८१८ रोजी, वयाच्या बाराव्या वर्षी, ते घर सोडून चालत ओआहाका शहरात आले. तिथे त्यांची बहीण मासा नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी स्वयंपाकाला होती. पुढे आंतोनियो सालानुएवा या धर्मनिष्ठ पुस्तकबांधणीकाराने त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले आणि शिकवले.

गरीब मुलाला शिकायचे तर पाद्री होण्याचीच वाट मोकळी होती. काही वर्षे ते धर्मशिक्षणसंस्थेत शिकले, पण मन रमले नाही. ओआहाकात कला व विज्ञान संस्था उघडताच त्यांनी तिथे कायद्याचा अभ्यास सुरू केला. १८३१ मध्ये ते नगरपरिषदेवर निवडून आले, १८३३ मध्ये राज्याच्या विधिमंडळात गेले आणि १८३४ मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली.

त्यांच्या पुढच्या सगळ्या राजकारणाची मुळे या सुरुवातीच्या वकिलीत आहेत. लोसिचा गावचे लोक त्यांच्याकडे एक गाऱ्हाणे घेऊन आले. गावचा पाद्री धार्मिक विधींसाठी अवाच्या सवा पैसे उकळत होता. हुआरेझांनी वकीलपत्र घेतले. पण पाद्र्यावरचा दावा चालायचा तो चर्चच्याच न्यायालयात. त्यातच राजकीय वारे फिरले, गावकरी तुरुंगात गेले आणि त्यांच्या मदतीला धावलेल्या वकिलालाही काही दिवस कोठडीत काढावे लागले. विशेष हक्क असलेले वर्ग आणि सरकार यांची हातमिळवणी तुटल्याखेरीज दुबळ्यांना न्याय मिळणार नाही, हे या अनुभवाने आपल्या मनात पक्के केले, असे त्यांनी लिहिले आहे. गावपातळीवरच्या एका हरलेल्या दाव्यातून देशाचा कायदा बदलण्याची जिद्द उभी राहिली, आणि या माणसाला समजून घेण्याची किल्ली मला तिथेच सापडते.

१८४३ मध्ये त्यांचा विवाह मार्गारिता मासा हिच्याशी झाला. ज्या घरात बहीण स्वयंपाक करी, त्याच घरची ही मुलगी. १८४७ ते १८५२ या काळात ते ओआहाकाचे गव्हर्नर होते. अमेरिकेबरोबरच्या युद्धात पराभूत झालेल्या सांता आन्ना या सेनानीला त्यांनी राज्यात पाऊल ठेवू दिले नाही. १८५३ मध्ये सांता आन्ना पुन्हा सत्तेवर येताच त्याने याचा वचपा काढला. हद्दपार झालेले हुआरेझ हवानामार्गे न्यू ऑर्लीन्सला पोहोचले आणि तिथे चिरूट वळून पोट भरू लागले. मेल्चोर ओकाम्पो आणि इतर निर्वासित उदारमतवाद्यांशी त्यांचे नाते तिथेच जुळले.

१८५५ मध्ये सांता आन्नाची राजवट कोसळली आणि हुआरेझ न्यायमंत्री झाले. त्याच नोव्हेंबरात आलेल्या ‘हुआरेझ कायद्या’ने चर्चच्या व लष्कराच्या न्यायालयांचा दिवाणी दावे चालवण्याचा अधिकार काढून घेतला. लोसिचाच्या गावकऱ्यांना दिलासा मिळाला तो असा, दोन दशके उशिरा. कायद्यापुढे सर्व समान हे तत्त्व १८५७ च्या संविधानात आले.

त्याच वर्षअखेर राष्ट्राध्यक्ष कोमोनफोर्त यांनी स्वतःच ते संविधान बाजूला सारले. सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष या नात्याने राष्ट्राध्यक्षपद आता हुआरेझांकडे येत होते, पण राजधानी चर्च व लष्कराची बाजू घेणाऱ्या परंपरावाद्यांच्या हातात गेली आणि यादवी पेटली. मार्च १८५८ मध्ये ग्वादालाहारात बंडखोर शिपायांनी त्यांच्यावर बंदुका रोखल्या. कवी गियेर्मो प्रिएतो मध्ये उभे राहून म्हणाले, ‘शूर माणसे खून करत नाहीत’, आणि बंदुका खाली आल्या. पुढे पनामाला वळसा घालून हुआरेझ वेराक्रूझला पोहोचले. जुलै १८५९ मध्ये त्यांनी तिथूनच चर्चच्या मालमत्तेचे राष्ट्रीयीकरण, नागरी विवाह आणि जन्ममृत्यूची सरकारी नोंद यांचे कायदे जारी केले. यादवी जिंकून जानेवारी १८६१ मध्ये ते राजधानीत परतले.

तिजोरी रिकामी होती. १७ जुलै १८६१ रोजी परकीय कर्जाची फेड दोन वर्षांसाठी थांबवली गेली. ब्रिटन, स्पेन आणि फ्रान्स यांनी आरमारे पाठवली. पहिले दोघे तडजोड करून परतले, पण फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनला मेक्सिकोत साम्राज्य हवे होते. ५ मे १८६२ रोजी पुएब्ला येथे मेक्सिकोचे सेनापती सारागोसा यांच्या सैन्याने फ्रेंचांना मागे रेटले. वर्षभरानंतर, १८६३ मध्ये, मात्र राजधानी पडली आणि १८६४ मध्ये ऑस्ट्रियाचा राजपुत्र माक्सिमिलियान सम्राट म्हणून आला.

राजधानी सोडल्यानंतरची चार वर्षे हुआरेझांचे सरकार म्हणजे एक काळी घोडागाडी आणि सोबतचे मोजके मंत्री. सान लुईस पोतोसी, साल्तिलो, मोंतेरे, चिवावा असे उत्तरेकडे सरकत ते सीमेवरच्या पासो देल नोर्ते (आजचे सिउदाद हुआरेझ) येथे पोहोचले. देशाचे दप्तर वाटेत कोआविलातील एका गुहेत लपवले होते आणि तिथल्या शेतकऱ्यांनी ते अखेरपर्यंत राखले. ऑक्टोबर १८६५ मध्ये सम्राटाने फर्मान काढले : हुआरेझ देश सोडून गेले, आता हातात शस्त्र घेऊन लढणारे ते सगळे दरोडेखोर. प्रत्यक्षात हुआरेझ मेक्सिकोच्याच भूमीवर होते.

फ्रेंच सैन्य माघारी गेले आणि केरेतारोत माक्सिमिलियान पकडला गेला. व्हिक्तोर ह्यूगो आणि गारिबाल्दी यांनी त्याच्या जीवदानासाठी शब्द टाकला, पण हुआरेझ बधले नाहीत. १९ जून १८६७ रोजी मिरामोन व मेहिया या दोन सेनानींसह त्याला गोळ्या घालण्यात आल्या. १५ जुलैला राजधानीत परतताना काढलेल्या जाहीरनाम्यात त्यांचे प्रसिद्ध वाक्य आहे : ‘व्यक्तींमध्ये असो वा राष्ट्रांमध्ये, दुसऱ्याच्या हक्कांचा आदर म्हणजेच शांतता.’

उणिवाही झाकता येत नाहीत. १८६५ मध्ये मुदत संपत असताना त्यांनी युद्धाचे कारण देऊन ती स्वतःच वाढवून घेतली. युद्धकाळात निवडणूक अशक्य होती हे खरे, पण संविधानाच्या नावाने लढणाऱ्याला हे शोभले नाही, असे त्यांचे काही सहकारीही मानत. त्याहून खोल जखम जमिनीची. संस्थांच्या मालकीच्या जमिनी खाजगी करणाऱ्या १८५६ च्या लेर्दो कायद्याचा रोख चर्चवर होता, पण मूलनिवासी गावांच्या सामाईक जमिनीही त्याच्या कचाट्यात सापडल्या. ज्या समाजातून हुआरेझ आले, त्याच समाजाला उदारमतवादाची ही किंमत मोजावी लागली. प्रत्येकाला सुट्या नागरिकाचे हक्क दिले की तो मुक्त होतो, अशी त्यांची श्रद्धा होती. गाव म्हणून जगणाऱ्यांचे काय, याचे उत्तर त्या श्रद्धेत नव्हते.

१८७१ च्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही आणि काँग्रेसने पुन्हा हुआरेझांना निवडले. ओआहाकाचेच सेनानी पोर्फिरियो दियास यांनी फेरनिवडीविरुद्ध बंड पुकारले. पुढे त्याच दियास यांनी तीन दशकांहून अधिक काळ देशावर हुकमत गाजवली. मार्गारिता जानेवारी १८७१ मध्येच गेल्या होत्या. १८ जुलै १८७२ रोजी राष्ट्रीय प्रासादात हृदयविकाराने हुआरेझ यांचे निधन झाले. मेक्सिको सिटीच्या सान फेर्नांदो दफनभूमीत त्यांची समाधी आहे, आणि २१ मार्च या त्यांच्या जन्मदिवसानिमित्त मार्चमध्ये देशभर राष्ट्रीय सुट्टी असते.