रायगडावरची 'बाजारपेठ' आणि नाव हरवलेली जोती

सह्याद्रीतल्या बहुतेक गडांवर आज उरली आहेत ती जोती, चौथरे आणि पाण्याची टाकी. वर काय होते हे ओळखणे कठीण जाते, कारण खांब, तुळया, छप्पर सगळे लाकडाचे होते आणि ते राहिले नाही. जिथे बांधकाम डोक्यापर्यंत दगडी आहे तिथे वाद फारसा होत नाही. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती या तिन्ही कोठ्या कमानींसकट उभ्या आहेत. धान्य ओतायला वरून ठेवलेली भोकेही दिसतात. ते कोठार आहे हे कुणाला पटवून द्यावे लागत नाही. रायगडाचे तसे नाही.

रायगडावर गोंधळ सुरू झाला तो १८१८ च्या मे महिन्यात. इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी गडावर आग लागली, लाकूडकाम जळाले आणि १० मे रोजी गड त्यांच्या ताब्यात गेला. त्याआधीच्या दीडशे वर्षांत गडावर मराठे, १६८९ पासून मोगल, मग सिद्दी, १७३३ नंतर पुन्हा मराठे आणि शेवटी पेशवाई अशी वस्ती बदलत गेली. एकाच जोत्याचा उपयोग या काळात दोनतीनदा बदलला असण्याची शक्यता मोठी आहे. पण आपण जी नावे घेतो ती सगळी शिवकाळाला चिकटवतो. गड ओस पडल्यावर वाटाड्यांच्या तोंडी जी नावे उरली तीच आधी इंग्रजांच्या नोंदींत उतरली आणि नंतर फलकांवर.

होळीच्या माळाजवळच्या दोन समोरासमोरच्या रांगा हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. प्रत्येक रांगेत २२ गाळे, मधे सुमारे ४० फुटांचा रस्ता. फलकावर 'बाजारपेठ' आणि सांगणाऱ्याच्या तोंडी ठरलेली गोष्ट: जोती उंच आहेत, कारण सरदार घोड्यावर बसूनच खरेदी करत. १८८३ च्या जिल्हा गॅझेटियरने तर मैलभर लांबीचा बाजार लिहून ठेवला. प्रत्यक्षातली ओळ त्याच्या जवळपासही जात नाही.

काही अभ्यासकांनी हे नाव नाकारले, आणि त्यांचे म्हणणे मला अधिक वजनदार वाटते. गाळ्यांना पुढे पडवी आणि आत खोल्या आहेत. ही रचना अधिकाऱ्यांच्या निवासाला किंवा कचेरीलाही तितकीच शोभते. उंच जोते हा घोडेस्वाराचा पुरावा होत नाही. रायगडावर पडणाऱ्या पावसात जमिनीलगत घर बांधणे हाच वेडेपणा ठरला असता. जगदीश्वराच्या मंदिराजवळचा शके १५९६ चा शिलालेख विहिरी, तळी, बागा, रस्ते, गजशाळा, राजगृहे अशी यादी देतो. बाजाराचा वेगळा उल्लेख त्यात नाही. अर्थात शिलालेखात नाही म्हणून गडावर नव्हता, असे कुणी म्हणू नये. राजधानीला धान्य, कापड, तेल लागणारच आणि ते कुठेतरी विकले जाणारच. प्रश्न एवढाच की ते याच रांगांत विकले जात होते का. राजवाड्यापासून इतक्या जवळ, इतक्या सरळ रेषेत, एकसारख्या मापाचे गाळे बांधले ते वाण्यांसाठी की कारभाऱ्यांसाठी?

विरुद्ध बाजूचे लोक म्हणतात की पिढ्यान् पिढ्या चालत आलेले नाव उगाच पडत नाही. ते खरे आहे. पण 'पिढ्या' म्हणजे इथे १८१८ नंतरच्या, आणि त्याच पिढ्यांनी इतर गडांवरच्या कित्येक कोठारांना अंधारकोठडी करून टाकले आहे.

२०१७ नंतर गडावर सुरू झालेल्या कामांत वाड्यांच्या जोत्यांचे उत्खनन झाले. कौले, खिळे आणि २०२१ मध्ये एक सोन्याची बांगडीही सापडली. २०२५ च्या जुलैत रायगडासह १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले. आता गर्दी वाढेल आणि नवे फलक लागतील. त्यांवर नाव घालण्याआधी त्या ४४ गाळ्यांच्या आतल्या खोल्या थरानुसार तपासायला हव्यात: तिथे चुली आणि स्वयंपाकाची भांडी मिळतात, की वजने, मापे आणि सुटी नाणी. तोवर 'दोन रांगांतील गाळे, परंपरेने बाजारपेठ' एवढे लिहिणे पुरे आहे.