पाटीच्या आधी भाकरी

शिकून मोठ्या झालेल्या माणसांच्या गोष्टी आपण बहुतेक वेळा शाळेपासून सांगायला लागतो. पोर हुशार होतं, गुरुजी चांगले भेटले, पहिला नंबर आला. पण आईबाप गेलेल्या किंवा घरात दाणा नसलेल्या मुलापुढचा प्रश्न शाळेच्या आधीचा असतो. आज रात्री जेवायचं कुठं आणि पाठ टेकायची कुठं? महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर वसतिगृहानं दिलं, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या ‘बोर्डिंगा’नं.

त्याआधीही एक सोय होती, वार लावून जेवण्याची. शिकायला पुण्यात आलेला गरीब ब्राह्मण मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा काढायचा. हाल होतेच; एखादा वार रिकामा राहिला की त्या दिवशी उपास. पण त्याच्यासाठी निदान ती दारं उघडी होती. बहुजनांच्या आणि अस्पृश्य ठरवलेल्या जातींच्या पोरांना कोण वार देणार?

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, हे सगळ्यांना पाठ असतं. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं, त्याची आठवण मात्र कमी निघते. तिथं आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. जन्मताच जीव गमावला असता, असं ते मूल. तो शिकून डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ रुग्णांवर उपचार करत राहिला.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगांना आधार दिला. मराठा, जैन, मुस्लिम अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. जातवार बोर्डिंगं आज खटकतात. मला ती तडजोड समजते, कारण एका पंगतीत बसवायचं म्हटलं असतं तर किती घरांनी पोरं पाठवली असती?

पंगत एक करण्याचं काम कोल्हापूरच्याच एका विद्यार्थ्यानं केलं. जैन बोर्डिंगात राहणारा भाऊराव पाटील मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला आणि परत आल्यावर विटाळ फेडायची आंघोळ करायला तयार होईना, म्हणून त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह उघडलं. मुलं एकत्र राबायची, एकत्र जेवायची. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली.

त्या चुलीमागे लक्ष्मीबाई होत्या, भाऊरावांच्या पत्नी. सोवळंओवळं पाळणाऱ्या वळणात वाढलेली ही बाई सगळ्या जातींच्या पोरांना वाढू लागली. पैसे संपले की अंगावरचा एकेक दागिना जायचा. एकदा भाऊराव घरी नव्हते, कोठीत धान्य नव्हतं आणि मुलं जेवणाची वाट बघत होती. लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि त्यावर धान्य आणवलं. १९३० मध्ये त्या गेल्या. कर्मवीर भाऊरावांबद्दल बोलताना त्यांचं नाव ओझरतं घेतलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

फुकट जेवण मुलांना मिंधं करतं, हे भाऊराव जाणून होते. त्यातून ‘कमवा आणि शिका’ आलं: शेतात काम, खडी फोडणं, विहीर खोदणं आणि मग वर्ग. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य रयतच्या कितीतरी मुलांनी हाताला फोड आल्यावर वाचलं आहे.

जुना प्रश्न बीडच्या ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांत आजही दर दसऱ्या-दिवाळीनंतर उभा राहतो. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतो. लेकरू सोबत गेलं की शाळा तुटते. गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं असेल तर ते आजीजवळ मागं राहू शकतं. म्हणून तिथली आई निघण्याआधी शाळेत येऊन गुरुजींना पहिलं हेच विचारते, की औंदा जेवण कधीपासून चालू होणार.