लाकूड टिकले, गादी गेली

सोळाव्या लुईच्या काळातली फ्रेंच खुर्ची दुरुस्तीला येते तेव्हा तिचा बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा बहुधा शाबूत असतो. गादी मात्र तिसरी, चौथी, कधी पाचवी असते. त्यामुळे या खुर्च्यांच्या लाकडाबद्दल भरपूर लिहिले गेले आणि गादीबद्दल फारच थोडे.

ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेल्या रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचे उत्खनन 1738 मध्ये सुरू झाले, पाँपेईचे 1748 मध्ये. प्राचीन रोमचे वेड युरोपभर पसरले आणि 1760 नंतर पॅरिसमध्ये खुर्चीचे बाकदार पाय सरळ झाले. खाली निमुळते, अंगावर उभ्या खाचा, बैठकीच्या कोपऱ्यावर फुलाची चौकोनी चकती, पाठ लंबगोल. 1765 मध्ये उस्ताद म्हणून मान्यता मिळालेले जॉर्ज जाकोब या घडणीतले सगळ्यात मोठे नाव. त्यांचे नाव आपल्याला माहीत आहे याचे एक कारण म्हणजे शिक्का. सुताराला सांगाड्यावर आपल्या नावाचा शिक्का मारावा लागे. गादीवाल्याचा कारागीर-संघ वेगळा, त्याला असा शिक्का नाही. गंमत अशी की ल्यों या फ्रेंच शहरातले रेशीम अनेकदा लाकडापेक्षा महाग पडे, गिऱ्हाईकही पुष्कळदा गादीवाल्याचेच असे, पण नाव राहिले सुताराचे.

गादीचे काम थरांचे. सांगाड्याच्या वरच्या अंगाला नवार आडवी-उभी विणून चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकायची, त्यावर गोणपाट, त्यावर घोड्याचे केस. हे केस आधी दोरासारखे पिळून उकळतात आणि वाळल्यावर सोडतात, म्हणजे कुरळेपणा पक्का होतो आणि गादी दबून पुन्हा वर येते. मग दोन्ही टोकांना अणी असलेल्या लांब दाभणाने कडेला टाके घालत केस पुढे ओढायचे. कड ताठ उभी राहते. पुन्हा थोडे केस, मांजरपाट, आणि शेवटी दर्शनी कापड. श्रीमंत घरांत गादी सुट्या चौकटीवर बसवत, म्हणजे उन्हाळ्याचे कापड काढून हिवाळ्याचे चढवता येई.

मग क्रांती आली. 1791 मध्ये कारागिरांचे संघ बरखास्त झाले आणि 1793-94 मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यातले सामान लिलावात गेले, सतरा हजारांहून अधिक गट करून. खुर्च्या पांगल्या. नव्या मालकांनी आपल्या आवडीची कापडे चढवली.

खरे नुकसान मात्र पुढे झाले. 1828 मध्ये लंडनच्या सॅम्युअल प्रॅट यांनी स्प्रिंगचे पेटंट घेतले आणि शतकभरात स्प्रिंग जुन्या खुर्च्यांतही शिरल्या. त्यांना जागा हवी म्हणून नवार वरून काढून सांगाड्याच्या खाली ठोकली गेली. बैठक घुमटासारखी फुगली आणि पाठीचे-पायांचे मूळ प्रमाण बिघडले. विसाव्या शतकात फोम आला. तो बसायला छान, पण काही दशकांत त्याचा भुगा होतो, आणि त्याची कापलेली गुळगुळीत कड या घडणीला अजिबात शोभत नाही.

म्हणून आजचा जाणकार कारागीर जुनी गादी उचकटताना घाई करत नाही. नवारीच्या चुकांची भोके वरच्या अंगाला आहेत की खालच्या, हे तो आधी पाहतो. एखाद्या गंजलेल्या चुकेखाली रेशमाचा धागा अडकलेला सापडला, तर मूळ कापडाचा रंग कळतो. दर नव्या गादीबरोबर लाकडाची चाळण होत गेल्याने संग्रहालयांत आता बऱ्याचदा चूक ठोकतच नाहीत. गादी वेगळ्या चौकटीवर बांधून नुसती वर बसवतात.