गाठ किती जहाल आहे, हे एमआरआयवरून किती कळतं?

मेंदूचा एमआरआय झाला की काउंटरवर पहिला प्रश्न येतो तो हाच: "साधी गाठ आहे की वाईट?" वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या आपल्या मराठी घरांतली मुलं-सुना आई-बाबांची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरतात आणि आमच्या टेक्निशियनच्या चेहऱ्याकडे बघत राहतात. तो बोलत नाही, कारण ते सांगणं त्याचं काम नाही. पण तुम्हाला उत्तर मिळायला हवं, म्हणून हे पत्रक.

गाठीची 1 ते 4 ही ग्रेड (1 सगळ्यांत शांत, 4 सगळ्यांत जहाल) एमआरआयवर ठरत नाही. ती ठरते काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणात पेशी कशा दिसतात याच्या जोडीला आयडीएचसारख्या जनुकांतल्या बदलांनाही मोठं वजन आहे. त्यामुळे आमच्या रिपोर्टात "हाय ग्रेड ग्लायोमाची शक्यता" (ग्लायोमा म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींची गाठ) असं असेल, तर त्यातला "शक्यता" हा शब्द आम्ही विचार करून लिहिलेला असतो. तो गाळून वाचू नका. मग एमआरआय कशाला? कवटी उघडण्याआधी सर्जनला गाठीविषयी जे कळू शकतं, त्यातलं बहुतेक यातूनच कळतं, म्हणून.

आधी इंजेक्शनचं सांगतो. हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट देतात. निरोगी मेंदूत रक्तवाहिन्यांची भिंत इतकी घट्ट असते की ते बाहेर झिरपत नाही. जहाल गाठीतल्या वाहिन्या घाईने वाढलेल्या आणि गळक्या असतात, त्यामुळे गाठ पांढरी उजळते. वाढ रक्तपुरवठ्याच्या पुढे गेली की मधला भाग मरतो आणि पांढऱ्या कड्याच्या आत काळपट पोकळी दिसते. असं कडं दिसलं की आम्ही सावध होतो. पण "उजळली म्हणजे वाईट" हे खरं नाही. मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, बहुतेक वेळा ग्रेड 1 चा असतो आणि झळझळीत उजळतो. उलट काही ग्रेड 3 च्या गाठी जराही उजळत नाहीत. शिवाय आपल्या देशात टीबीची गाठही असंच कडं दाखवते, आणि मेंदूतलं गळूही. कडं पाहून घाबरलेल्या घरच्यांना हे आम्ही आवर्जून सांगतो.

म्हणून एका चित्रावर थांबत नाही. डिफ्यूजन या एमआरआयच्याच एका प्रकारात पाण्याच्या रेणूंना हलायला किती वाव आहे ते दिसतं. नवरात्रात गरब्याच्या मैदानात मधोमध अडकलं की पाऊल टाकायला जागा नसते; जहाल गाठीत पेशी दाटल्या की पाण्याचं तसंच होतं. स्पेक्ट्रोस्कोपीत गाठीतली रसायनं मोजतात; त्यात कोलीन वाढलेलं आणि निरोगी चेतापेशींचं एनएए हे रसायन घटलेलं दिसलं, तर वाढ जोरात असल्याचा संशय येतो.

आमचा जास्त भरवसा परफ्यूजन या रक्तपुरवठा दाखवणाऱ्या चित्रावर. गाठीत रक्त किती खेळतंय ते दुसऱ्या बाजूच्या निरोगी मेंदूशी ताडून पाहतो. प्रमाण बरंच जास्त असेल तर ग्रेड वरची असण्याकडे कल जातो. इथेही अपवाद आहे: ऑलिगोडेंड्रोग्लायोमा हा ग्लायोमाचा एक प्रकार ग्रेड 2 चा असूनही रक्ताने भरलेला दिसू शकतो. परफ्यूजनचा आणखी एक मोठा उपयोग आहे. ग्लायोमा सगळीकडे सारखा नसतो. एका कोपऱ्यात शांत, तर दुसऱ्यात जहाल. तुकडा शांत कोपऱ्यातून निघाला तर ग्रेड खरीपेक्षा कमी येते. कुठून घ्यावा, ते हे चित्र सर्जनला दाखवतं.

गाठीच्या कडेचंही असंच. विश्वामित्रीचा पूर ओसरला की भिंतीवर पाण्याची रेषा उमटते, पण ओल त्या रेषेच्याही वर चढलेली असते. ग्लायोमाच्या पेशीही फिल्मवर दिसणाऱ्या कडेपलीकडे पसरलेल्या असू शकतात. "सगळी काढली ना?" या प्रश्नाला सर्जन सरळ "हो" म्हणत नाहीत, ते यामुळे.

रेडिएशननंतर पहिल्या साधारण तीन महिन्यांच्या स्कॅनमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसू शकते. कधी ती खरी वाढ असते, कधी उपचाराने आलेली सूज. हे ओळखायला जुनं चित्र शेजारी लागतंच. एकदा जुनी सीडी घरी राहिली म्हणून आम्हाला एका आजोबांचा रिपोर्ट दोन दिवस अडकवून ठेवावा लागला. ते दोन दिवस त्या घराने कसे काढले ते आम्ही पाहिलंय. जुन्या फिल्म्स, सीडी, तुकड्याचा रिपोर्ट, सगळं पिशवीत घालून आणा.

क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्टही आणा. किडनी फार कमजोर असेल तर कॉन्ट्रास्टबद्दल आधी विचार करावा लागतो. पेसमेकर, मेंदूतली क्लिप किंवा कानातलं इम्प्लांट असेल तर फोनवरच सांगा. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, पण 1.5 टेस्लाचं चुंबक असतं, आणि स्कॅन चालू नसतानाही ते चालूच असतं. जरीकाठाची साडी, साडीच्या पिना, मंगळसूत्र, केसांतले आकडे बाहेर राहतील. जोडवी निघत नसतील तर अर्धा तास लवकर या. आमच्याकडच्या ताई साबण आणि दोरा घेऊन हळूहळू काढून देतात.