जुनी बरणी, नवं लोणचं

दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तोच आलेख फिरून येतो. अंटार्क्टिकाच्या बर्फातून काढलेल्या दोन नागमोडी रेघा, एक तापमानाची, दुसरी कार्बन डायऑक्साइडची. खाली विजयी सुरात लिहिलेलं असतं: 'बघा, आधी तापमान वाढलं, वायू ८०० वर्षांनी वाढला. मग दोष वायूचा कसा?' आलेख खरा आहे. ज्या क्लोद लोरियुस या फ्रेंच हिमशास्त्रज्ञाच्या गटाच्या कामातून तो घडला, त्याने मात्र त्यातून हा अर्थ काढला नव्हता. वाचणाऱ्यांची गफलत होते ती दोन वयांमध्ये: बर्फाचं वय आणि त्यात अडकलेल्या हवेचं वय.

बर्फाचं वय सोपं आहे. थरावर थर साचतात, जितकं खोल तितकं जुनं, हे शाळेतच कळलेलं असतं. तेव्हाचं तापमान बर्फाच्या पाण्यातल्या जड हायड्रोजनच्या प्रमाणावरून काढतात, म्हणजे ही नोंद खुद्द बर्फाची. कार्बन डायऑक्साइड मोजतात तो बुडबुड्यांत.

पण पडलेलं हिम लगेच बर्फ होत नाही. आधी त्याचा रवाळ, सच्छिद्र थर होतो, त्याला फर्न म्हणतात. वरची हवा त्या फटींतून खाली-वर खेळत राहते. अंटार्क्टिकातल्या व्होस्तोक या रशियन तळावर, जिथून आलेखाचा हा बर्फ आला, सरासरी तापमान उणे ५५ अंश, आणि वर्षाचं हिम वितळवलं तर जेमतेम दोन सेंटिमीटर पाणी निघेल. तिथे हिम दबत दबत सुमारे शंभर मीटर खाली जातं, तेव्हा कुठे फटी बंद होऊन बुडबुडा तयार होतो. तोवर भोवतीच्या बर्फाने तीनेक हजार वर्षं पाहिलेली असतात. हिमयुगात हिम आणखी कमी पडायचं, तेव्हा हे अंतर पाच-सहा हजारांवर जाई. आजीच्या बरणीत यंदाचं लोणचं भरावं, तसं. उलट अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळच्या लॉ डोमसारख्या ठिकाणी, जिथे हिम भरपूर पडतं, हाच फरक काही दशकांचाच असतो.

आता मेख बघा. एकाच खोलीवरचा बर्फ आणि बुडबुडा एकाच वयाचे धरले, तर वायू हजारो वर्षं आधी वाढल्यासारखा दिसेल! मग हिशेबाने हवा 'धाकटी' करावी लागते, आणि ती किती धाकटी करायची यावर सगळं ठरतं. पाच हजारांच्या दुरुस्तीत दहा-वीस टक्क्यांची चूक म्हणजे पाचशे ते हजार वर्षं. म्हणजे ज्या ८०० वर्षांवर ग्रुपवर एवढी लढाई चालते, तेवढी वर्षं या दुरुस्तीच्या चुकीतच मावतात. २०१३ मध्ये अंटार्क्टिकाच्या पाच गाभ्यांतल्या (खणून काढलेल्या बर्फाच्या लांब दांड्यांतल्या) जड नायट्रोजनवरून हवा नेमकी किती खोलीवर कोंडली जाते ते नव्याने ठरवलं, तेव्हा शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस तापमान आणि वायू जवळपास बरोबरच वाढल्याचं दिसलं.

आणि समजा, काही शतकांची दिरंगाई खरीच निघाली, तरी काय? पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांनी सुरुवात केली, मग वायूने ती ऊब वाढवत नेली, असंच लोरियुस आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या लेखात मांडलं होतं. ठिणगी कोणी टाकली हे कळलं म्हणून तेल निर्दोष ठरत नाही.



लोरियुसचा प्रभाव कशात मोजायचा? त्याच्या लेखांचा इतरांनी किती वेळा दाखला दिला, ती संदर्भसंख्या कोणी दाखवतो, मला तो मापदंड रुचत नाही. १९५७ मध्ये हा माणूस दोन सोबत्यांसह शार्को तळावर अंटार्क्टिकाचा हिवाळा काढून आला. १९८४ मध्ये, शीतयुद्ध चालू असताना, रशियनांनी व्होस्तोकला खणलेला बर्फ अमेरिकी विमानातून आणून फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत तपासला. १९८७ साली तिथल्या २०८३ मीटर गाभ्यातून १ लाख ६० हजार वर्षांची नोंद 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आली. हवेच्या दशलक्ष भागांत हिमयुगात १८०च्या आसपास, उबदार काळात २८०च्या आसपास, असा वायूचा झोका त्यात दिसला. आज आपण ४२० ओलांडले आहेत. त्या जुन्या वर-खाली रेघांच्या टोकाला आजचा आकडा ठेवून पाहता येतो, याला मी प्रभाव म्हणतो.

बुडबुड्यांतली हवा मोजावी ही कल्पना लोरियुसला १९६५ मध्ये अंटार्क्टिकातल्या आदेली लँडला सुचली, असं तो स्वतः सांगे. गाभ्यातला बर्फाचा तुकडा व्हिस्कीत टाकला आणि बुडबुडे फुटताना दिसले. त्या ग्लासातली हवासुद्धा भोवतीच्या बर्फापेक्षा धाकटीच होती.